आंबूस

शिराझच्या पलीकडच्या वाऱ्याच्या गावात
गुलअंदामचा सोळा वर्षांचा मुलगा
अजून दहाचाच दिसतो.
"उपाशी कधी निजवला नाही," ती म्हणते,
आणि ते खरंच आहे:
चार-चार रोट्या, कागदासारख्या,
तव्यावरून थेट त्याच्या हातात.

आरोग्यसेविका मेहरअंगीझ म्हणते,
जस्त आहे गं गव्हात,
पण कोंड्यानं मूठ आवळलीय.
पोटात येतं, रक्तात शिरत नाही,
उंबऱ्यावरून परतल्यासारखं.
कणीक रात्रभर आंबू दे.
बारीक जीव एकेक बोट सोडवतील,
उरलंसुरलं आतड्यातले बघतील.

पहाटे ती फडकं उचलते.
बुडबुडे. वास.
"नासलंय," सासू कूस न बदलताच सांगते.

गुलअंदाम काही बोलत नाही.
उपड्या तव्यावर पाणी शिंपडते:
चुर्र.