विनंती थांबा

ओढ्यावरच्या रेणुकेसमोर नारळ फुटला
आणि माझा हात आपोआप वर गेला,
दोरी शोधत.
डबल बेल.
दोरी नव्हती. मार्गशीर्षातलं गार आभाळ होतं, अजून काळं,
आणि बाळाक्का म्हणाली,
"चला कंडक्टर, आज तिकीट न्हाई. सौंदत्तीपतोर फुकाट."

बावीस वर्षं हा रस्ता मी तोंडानं चालले.
तावडे हॉटेल, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल,
दांडीला कंबर टेकवून, उभ्यानं.
सहा किलोमीटरचा टप्पा,
टप्प्याला इतके पैसे, सुट्टे द्या, पुढं सरका.
पायांना यातलं काही कळवलं नव्हतं मी.
ब्रेक लागला की रोवून उभं राहायचं,
एवढंच त्यांचं शिक्षण.

आज पहिलाच टप्पा संपता संपेना.
उजळाईवाडीच्या चढावर कळलं
की इथं चढ आहे.
दस्तगीर गिअर टाकायचा तेव्हा मी वेबिल भरत असायचे,
अक्षर जरासं तिरकं व्हायचं,
तेवढाच माझा चढ.

शिरगावात फाउंड्रीची रात्रपाळी सुटत होती.
एका पोरानं जग पाहिला, सायकल थांबवली.
हात काळे होते,
म्हणून कोपर टेकवलं त्यानं टोपलीला
आणि कोपरच कपाळाला लावलं.

तिथून पुढं
उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचा गोड धूर,
तानूच्या टाचेला पहिला फोड.
आणि मग ती बाभळ.

तिथं पाटी नाही. शेड नाही.
त्या वर्षी पौर्णिमेची जादा गाडी होती, ऐंशी माणसं आत,
आणि बाभळीखाली एकटी म्हातारी,
डोईवर जग, हळदीनं पिवळी,
हात वर.
दस्तगीरनं आरशातनं विचारलं, "बाई, घ्यायची?"
मी दारातनं ओरडले, नेहमीचंच,
"मागची रिकामी हाय!"
आणि दोरी ओढली.

मागं काही नव्हतं.
आम्हाला ठाऊक असतं, मागं काही नसतं.
ती मान हलवत राहिली, बरं बरं,
हात खाली न घेता
बारीक होत गेली.

मी बाभळीखाली बसले.
"का गं?" बाळाक्का म्हणाली.
"थांबा आहे."
"हितं? हितं कसला थांबा?"
"विनंती थांबा."
तिनं माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं,
आणि स्वतःच्या डोईवरचा जग उतरवून
माझ्या डोक्यावर ठेवला.
"ऊठ. आता तुझा टप्पा."

नोटांनी नाही, चिल्लरीनं भरलेली बॅग
संध्याकाळी खांद्यात रुतायची,
त्याहून हलका होता.
पण बॅग डेपोत जमा करता यायची.

कागल गेलं.
दूधगंगेच्या पुलाअलीकडं एक गाडी सुसाट गेली,
नवीन कंडक्टर पोरगी, वेणी उडत होती,
वाऱ्यात तिचे शब्द फाटले,
तरी मला पाठ होते.
धूळ बसली
तेव्हा कडेला एक बाई दिसली,
काखेत पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला,
हात अजून वरच.
आमची ओळ तिच्यासमोरनं गेली,
सगळ्यात मागं मी.

"कुठवर जाताय?" तिनं विचारलं.
"जागा हाय का?"

पलीकडं, पुलापुढं, पाट्यांवरचं अक्षर बदलतं.
ते मला वाचता येत नाही,
बावीस वर्षं नुसतं पाठ होतं.
मी जग सावरला, एका अंगाला सरकले,
रस्ता मोकळाच होता तरी सरकले,
"हाय की," म्हणाले.
"या. रिकामीच हाय."