दोन बोटं मार्जिन

निनादनं लॅपटॉपवर दोन रकाने आखलेत.
डावीकडे पांढरी, उजवीकडे शेवाळी.
टॉर्क, डिकी, मायलेज, एअरबॅगा किती,
छताला खिडकी कुणाला आहे, कुणाला नाही.
मावशी, तू फक्त ऐक, म्हणतो.

ऐकते. पस्तीस वर्षं बायकांचं ऐकतच आले.
चौतीस सांगणारीची छाती अडतीस भरते.
नुसत्या सांगितलेल्या मापावर
मी कधी कात्री चालवली नाही.

रविवारी एलबीएस रोडच्या शोरूममध्ये गेलो.
टेप गळ्यात तशीच, काढायची राहिली होती.
लोबो नावाचा मुलगा. शर्ट खांद्यात सैल, कुणाचा तरी घातलेला.
मॅडम, आत बसलं की रस्ता आपलाच वाटतो.
मी सीटची कड उलटी करून पाहिली.
पांढरीला इंचात सहा टाके,
एका ठिकाणी सुटलाय, तो आत दडपलाय.
शेवाळीला आठ. दुहेरी शिलाई, आणि कोपऱ्यात
जीव लावून वळवलंय कुणीतरी.
कुठल्या गावात बसत असेल ती बाई,
तिला काय मिळत असेल एका सीटमागे?
हे लोबोला विचारलं.
तो माहितीपत्रक चाळत राहिला.

दीर फोनवर म्हणाले, एकट्या बाईला एवढं धूड कशाला?
छोटी घे. लाल घे.
लाल का, ते नाही सांगितलं.

त्यांना काय सांगू,
मी आयुष्यभर स्टुलावर वाकून
माणसं घोट्यांपासून वर पाहिली.
फॉल, काठ, घेर, सुजलेले पाय.
एक नवरी ट्रायलला रडत होती, तेव्हाही
मला दिसला तो तिचा अंगठा,
लादीत रुतवलेला.

चाचणीला शेवाळी घेतली.
सीटच्या बाजूला एक दांडी असते, ओढली की आपण वर.
अकरा वेळा ओढली.
मॅडम, डोकं लागेल.
लागू दे.
गांधीनगरच्या सिग्नलला थांबले. एवढी वर्षं
स्कूटरवरून इथं नुसते बंपर पाहिले होते.
आज दुभाजकापलीकडचं दिसलं,
दुकानांच्या पाट्यांच्या वर पहिला मजला असतो,
तिथं कुणी कबुतरांची जाळी बांधत होतं,
सुतळी दातानं तोडत.
मागून हॉर्न. हिरवा कधीच झाला होता.

रात्री अकराला, शटर ओढून, गल्ली मापली.
टेंभीपाडा, आमची शेवटून दुसरी.
परबांच्या ओट्यापासून विजेच्या खांबापर्यंत
सात फूट एक इंच.
कुंडी धरली तर सहा फूट साडेआठ.
पांढरी आरशांसकट सहा पाच.
शेवाळी सहा सात.
परब बाहेर आले, चष्मा कपाळावर:
गल्लीला काय शिवताय, बाई?

आरसे मिटून नेता येईल, लोबो म्हणतो.
डोळे मिटून सुई कुणी ओवतं का?

निनादच्या तक्त्यात पांढरी तीन गुणांनी पुढं आहे.
त्याचं चूक नाही. मायलेजही तिचंच.
मी सोमवारी शेवाळीचे पंचवीस हजार भरले,
सगळे पाचशेच्या नोटांनी, काहींना मशीनच्या तेलाचा वास.
निनाद दोन दिवस बोलला नाही,
मग सीटकव्हर कुठलं घ्यायचं म्हणून फोन केला.
सीटकव्हर! मला!

परब कुंडी हलवणार नाहीत. तुळस आहे,
तिची जागा ठरलेली. बरोबर आहे त्यांचं.

ब्लाऊजला मी आतून दोन बोटं जास्त सोडते.
बाई भरते, बाळंत होते, औषधांनी सुजते,
मग उसवून देता येतं.
गल्लीच्या आत काही दुमडून ठेवलेलं नाही.

गाडी यायला अजून सात आठवडे आहेत.
खांबापाशी जमिनीवर
खडूची एक रेघ मारून ठेवली आहे.
पोरं तिच्यावरून लंगडी खेळतात, पुसते,
मी परत मारते.