ऐनवेळचे विषय

सभा सहाला. तीन वाजताच काळोख पडलाय.
नगर परिषदेच्या पायऱ्यांवर मी खडी पसरते.
हे कारकुनाचं काम नाही,
पण शिपायाची जागा तिसऱ्या हिवाळ्यातही रिकामीच आहे.

तेरा सदस्य. दोन थर्मास कॉफी.
विषय क्रमांक चार :
बंद कागद गिरणीचा दोन नंबर हॉल
डेटा सेंटरसाठी भाड्याने देणे,
आणि त्या भाड्यातून तळ्यापलीकडच्या घरांपर्यंत
फायबर केबल नेणे.
सूचक : सिल्या कोर्टेनिएमी, वय एकोणतीस.
अनुमोदक :
इथं मी जागा सोडून ठेवते.

सिल्या भिंतीवर नकाशा टाचते.
कंपनीनं तो परस्पर छापून पाठवलाय.
रॅमेयॅर्वी या नावावरचे चारही ठिपके गळालेत.
तेवढ्यावरून वीस मिनिटं जातात.

"नोकऱ्या किती?" ताउनो विचारतो.
दोन नंबर मशीनवर त्याची एकतीस वर्षं गेली,
उजवी करंगळीही तिथंच गेली.
"चौदा."
"आम्ही सहाशे होतो."
"गिरणी नाहीये आता, ताउनो."
मी लिहिते : चर्चा झाली.

ती पुढं सांगते, यंत्रं रात्रंदिवस तापतात.
ती ऊब वाया नाही घालवायची.
पाइपातून शाळेला, वृद्धाश्रमाला,
चार वर्षं कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाला.
व्हिएनो चष्मा पुसत विचारते,
"पण त्या यंत्रांत असतं काय?"
"कुणाकुणाचं काय काय. बँकांचे हिशेब, आजाऱ्यांचे एक्स-रे,
मांजरांचे फोटो."
"म्हणजे परक्यांच्या मांजरांवर आपलं पाणी तापणार."
अध्यक्षसुद्धा हसतात.
हसण्यासाठी इतिवृत्तात रकाना नाही.

मग पलीकडची घरं.
कागदावर नऊ, दिवा लागतो अशी सहा.
दर घरामागे खर्च एकवीस हजार युरो.
हिशेबनीस म्हणतात, यापेक्षा
सहाही कुटुंबं इकडं आणून वसवणं स्वस्त पडेल.
कुणी काही बोलत नाही.
रेडिएटर तेवढा टक् टक् करतो.

प्रेक्षकांच्या बाकावर आज एकच माणूस आहे :
ओइव्हा, सहावा दिवा.
गोठलेल्या तळ्यावरून स्कीवर आलाय,
बुटांखाली पाण्याचं थारोळं झालंय.
त्याला नियमाप्रमाणे तीन मिनिटं मिळतात.
तो टोपी काढतो, पुन्हा घालतो.
"मला ते इंटरनेट नको," म्हणतो.
"पण चर खणायला माणसं येतील,
त्यांना यायला रस्ता लागेल.
रस्त्यावरचा बर्फ तुम्ही काढाल ना मग?
तीन वर्षं झाली, कुणी काढला नाही."
अडीच मिनिटं शिल्लक ठेवून तो बसतो.

अनुमोदक : व्हिएनो.

हात वर करून मतदान.
बाजूने सहा. मी पुन्हा मोजते, सहाच.
अध्यक्ष लाकडी हातोडा उचलतात
आणि तेवढ्यात उजवीकडच्या टोकाला एक हात वर जातो,
सावकाश, जड काहीतरी उचलावं तसा.
बोटं चारच.
मी एक पूर्ण मत धरते.

सात विरुद्ध सहा. ठराव बहुमताने मंजूर.

जानेवारीपासून इतिवृत्त फक्त पडद्यावर ठेवायचं,
हेही आज ठरलं, विषय पाच, चर्चेविना.
माझ्या कपाटात गिरणीतल्या कागदाचे
शेवटचे दोन गठ्ठे आहेत,
उजेडाकडे धरले की आतून पाणकोंबडी दिसते.
त्यांचं काय करायचं, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

ऐनवेळचे विषय : नाहीत.
असं लिहून मी पेनाला टोपण लावते,
खुर्च्या सरकतात, कोट चढतात, दार वाऱ्यानं आपटतं.
ताउनो अजून नकाशापाशी उभा आहे,
दोन नंबर हॉलवर हात ठेवून.

"सिल्या," तो म्हणतो,
"आत जायचं दार
कुठल्या बाजूला ठेवणार आहेत?"

मी टोपण परत काढते.