समासातली नोंद

माझ्या पिशवीत एक स्टॉपवॉच, एक मोजपट्टी,
बोटाला लावायचा चिमटा
आणि त्रेचाळीस प्रश्न.
मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीत सहावा मजला गाठला
तेव्हा दमाचा प्रश्न खरं तर मलाच विचारायला हवा होता.

अभ्यासाचं नाव लांबलचक. थोडक्यात असं, की
टीबी बरा झाला, गोळ्या संपल्या, कार्डावर शिक्का बसला,
पुढे फुप्फुसांचं काय होतं?
निम्म्यांना श्वासाचे व्यायाम, निम्म्यांना नुसता सल्ला.
कोण कुठल्या गटात, ते बंद पाकीट ठरवतं.

झुंबरबाई साबळे, वय अठ्ठावन्न, क्रमांक दोनशे अकरा.
त्यांच्या पाकिटातून व्यायाम निघाला :
बाटलीभर पाण्यात नळी घालून फुंकायचं, बुडबुडे मोजायचे.
"शेजारची पोरं हसतात," म्हणाल्या,
"म्हणतात, मावशी सोडावाटर झाली."

सहा मिनिटं चालायची चाचणी पॅसेजमध्येच घेतली.
दोन्हीकडे चपला, मध्ये एक मेलेलं वॉशिंग मशीन,
आणि दारात बसलेले पवारकाका प्रत्येक फेरीला
मतमोजणी चालल्यासारखे ओरडायचे : "आघाडी कुणाची?"
समोरची इमारत इतकी जवळ
की तिथली मिरचीची फोडणी आमच्या घशात उतरली.
झुंबरबाई भिंतीला टेकल्या, खोकल्या.
मी घड्याळ थांबवलं नाही. नियम तसा आहे.

मग प्रश्न सतरावा. जिना चढताना दम लागतो का?
"नाही."
सहा महिन्यांपूर्वी इथेच "खूप" होतं.
मनात म्हटलं, चला, बुडबुडे कामी आले.

तेवढ्यात त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी दाखवली,
टोकाला निळी बादली.
"लिफ्ट गणपतीत बंद पडली. तेव्हापासून खाली उतरलेच नाही.
दूध वर येतं, कोथिंबीर वर येते.
रेशनचा अंगठा तेवढा बादलीतून धाडता येत नाही."

चौकटी तीन : नाही, थोडा, खूप.
मी "नाही"वर खूण केली, कारण त्या तसंच म्हणाल्या होत्या.
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं :
सहा महिने जिना चढलेल्याच नाहीत.

समासातलं संगणकात जात नाही.

वर्षभरानं परळच्या ऑफिसात पेढे वाटले.
तक्ता तीन, ओळ चौथी : दम लागण्यात लक्षणीय सुधारणा.
मी अर्धा पेढा हातात धरून म्हटलं,
"मॅडम, यातलं एक 'नाही' मला ठाऊक आहे."
डॉक्टर नेरूरकर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "सगळे कागद काढा. समास वाचू."

चार दिवस धूळ खाल्ली.
गुडघे गेलेत. मुलगा पाठुंगळी नेतो.
तळमजल्यावर खोली बदलली.
जिन्यात दिवा नाही, भीती वाटते.
एकोणतीस जणांचं "नाही", आणि त्यातलं एकही फुप्फुसाचं नाही.

सुधारणा आक्रसली. संपली नाही, पण आक्रसली.
पेढे मात्र संपले होते.
छापून आलं तेव्हा शेवटी, "मर्यादा" या मथळ्याखाली,
दीड वाक्यात झुंबरबाई होत्या, नावाशिवाय.

आता फॉर्मवर चव्वेचाळीस प्रश्न आहेत.
नवा असा : शेवटचा जिना कधी चढलात?
तो घेऊन मी परत गेले. लिफ्टच्या दाराला
तोच फलक, फक्त खडू नवा.
झुंबरबाईंनी प्रश्न ऐकला, विचार केला,
म्हणाल्या, "हे विचारायला तुम्ही केवढा चढलात!"

निघताना पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.
"कशाला ओझं? सोडते खाली, तुम्ही मोकळ्या उतरा."
पहिल्या मजल्यावरच्या जाळीतून दिसलं,
निळी बादली सावकाश माझ्यापुढे गेली.
मी पोचले तेव्हा माझे सगळे प्रश्न
आधीच जमिनीवर टेकले होते,
आणि वरून कुणीतरी दोरी हलवून विचारत होतं,
मिळालं का?