मागची चाकं

सहा हजार पौंड. त्याच्यावर एक पेनी नाही.
हे मी स्वतःला तीनदा बजावलं,
चौथ्यांदा श्रीरंगनं,
टोस्टवर लसणाची चटणी पसरत,
मान वर न करता.

अटी तशा साध्या होत्या:
सॉवर्बी ब्रिजहून हडर्सफील्डच्या हॉस्पिटलात
रोजचे जाऊन-येऊन पंधरा-सोळा मैल,
आठवड्याची भाजी,
स्वानंदीचा चेलो,
आणि ताकद मागच्या चाकांना.
शेवटची अट तेवढी
कुणाला समजावून सांगता येईना.

लॅबमधला कॉलम म्हणाला, पुढच्या चाकांची घे ना,
इथे सगळे तीच घेतात,
स्वस्त, ऐसपैस, बर्फात एकदम गुणी.
गुणी हा शब्द ऐकला की
लहानपणापासून माझ्या पोटात गोळा येतो.

पहिली बघितली ती माझदा, दोन सीटांची, लाल,
छप्पर हातानं मागे लोटायचं.
पहिल्याच वळणावर हसू फुटलं, एकटीलाच.
मग चेलो ठेवून बघितला.
तो बसला शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, ऐटीत;
स्वानंदी राहिली फुटपाथवर.

टोयोटा परवडेना.
लेक्ससचा रोड टॅक्स ऐकून
श्रीरंग काही बोलला नाही,
फक्त चहात आणखी एक चमचा साखर घातली.
एक मर्सिडीज खालून अशी गंजलेली
की गालिचा उचलला असता तर रस्ता दिसला असता.

आता खरं सांगते.
इचलकरंजीत आमची पद्मिनी होती, पिस्ता रंगाची,
थंडीच्या सकाळी हमखास रुसायची.
बाबा स्टिअरिंगवर, आम्ही तिघं भावंडं मागे,
शाळेच्या गणवेशात, डिकीवर तळवे टेकून,
"हां, आता!" म्हटलं की जोर.
गाडी खोकायची, धूर थेट तोंडावर,
आणि एकदम तळव्यांखालून निसटून जायची.
त्या निसटण्याचं वजन
अजून हातांत आहे.
पुढून ओढली तर गाडी येते.
मागून रेटली तर ती निघते.

मिस्टर होल्ड्सवर्थ एलंडला राहतात, निवृत्त बस ड्रायव्हर.
निळी वन सिरीज, दोन हजार दहाची, पाच दारं,
चौऱ्याऐंशी हजार मैल,
आणि बिस्किटांच्या डब्यात एकूण एक पावती.
मी बॉनेटशी कान नेऊन टायमिंग चेन ऐकली,
डॉक्टरीणबाईसारखी;
ते शेजारी उभे, पेशंटच्या नातेवाइकासारखे.
मागची सीट पाडली. चेलो आडवा झाला, निवांत.
एन्ली टॉपच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये
पाय जरा जास्तच दाबला गेला,
आणि पाठीला कुणीतरी तळवे टेकले.
तीन जोड्या.

पाच हजार सातशे.
उरलेल्या तीनशेत विंटर टायर दोनच आले असते,
आणि दोन टायरांचा हिवाळा नसतो.
किल्ली देताना म्हातारा म्हणाला,
बर्फ पडला की डिकीत वजन टाक, पोरी,
मी वाळूच्या गोण्या टाकायचो.

डिसेंबर. रात्रीतून टेकडी पांढरी.
गल्लीतले गुणी लोक एकेक करत निघून गेले.
माझ्याकडे वाळू कुठली?
ब्रॅडफर्डहून आणलेलं वीस किलो बासमतीचं पोतं
स्वयंपाकघरातून फरफटत बाहेर काढलं,
डिकीत टाकलं, सीटच्या पाठीशी सरकवलं.
पहिल्या चढावर गाडीनं शेपूट हलवली,
एकदा, दोनदा,
मग तांदळानं तिला जमिनीवर आणलं.

हॉस्पिटलात पोचून फोन बघितला.
श्रीरंग विचारत होता: तांदूळ संपले का गं?
लिहिलं: नाही.
थोडा विचार करून आणखी लिहिलं:
मार्चपर्यंत पोळ्या.