उनाख

आमच्या भाषेत घोड्यावर बसणं म्हणजे उनाख.
घोड्यावरून पडणं, तेही उनाख.
मधे एक प्रत्यय असतो, खोगिराच्या वादीएवढा,
आणि घाईत बोलणारी माणसं
तो गिळून टाकतात.

आईच्या पोटातून बाहेर येणं, तेही त्याच शब्दात.
जन्मगावाला आम्ही म्हणतो,
जिथं पडलो ती जमीन,
ज्यात धुऊन काढलं ते पाणी.
माझी जमीन बयानहोंगोरची, सगळी खडी.
पाणी आता ऑगस्टपुरतं.

परीक्षेत नापास होणं, उनाख.
उलानबातरला गाडीच्या परवान्याला तिसऱ्यांदा गेले,
मागे घेताना खांब पाडला.
बाबांना फोन लावला. म्हटलं, उनचिखला.
पलीकडे नुसता वारा.
मग बाबा: "कुठला? तो राखी?
त्याची पाठ रुंद आहे.
रिकिबीचा पट्टा एक भोक सैल कर,
आणि तोंडाकडे बघू नकोस त्याच्या,
लांब बघ."
मी हो म्हटलं.
त्यांना ऐकू आलं नव्हतं
की आलं होतं,
कधी विचारलं नाही.

चौथ्या वेळी पास झाले.
त्याला आमच्याकडे तोल जमणं म्हणतात.
तो शब्द वेगळा आहे,
बाबा तो फारसा वापरत नाहीत.

मागच्या झुदमध्ये एकोणीस घोडी उभ्या उभ्या गोठली.
बाबांचा खुबा त्याच हिवाळ्यात मोडला.
तेव्हापासून खोगीर गेरच्या दाराशी, उताणं,
त्यात मांजर व्याली.

आज दुपारी दावासांबूचा फोन.
रेंजसाठी तो टेकडीवर चढतो आणि
पोचेपर्यंत धापा टाकत असतो,
त्यामुळे त्याच्या आवाजावरून
काहीच कळत नाही.
"सेरगेलेन! बाबा उनचिखला!"
आणि फोन गेला.

बाबा बसले?
बाबा पडले?

सहाशे किलोमीटर. दोनदा पेट्रोल.
अर्वैखेरला चहा घेतला, मीठ जास्त झालेला,
तसाच प्यायले.
तीस वेळा फोन लावला असेल.
टेकडीवर आता कोणी नसणार.

उजाडतंय.
खडीवर चाकं कुरकुरतात.
लांब, आमच्या गेरच्या अंगाला,
तो राखी उभा आहे, पाठीवर खोगीर आहे.
मी काच खाली घेते.
डोळे खोगिरापर्यंत जातात
आणि तिथून वर जावं की खाली,
तेवढं ठरत नाही.