थर्मास

बेळगावच्या दुकानात त्यानं विचारलं,
किती लांब न्यायचंय?
म्हटलं, खानापूरच्या पुढं, नंदगडाकडं.
दोन बाटल्या दिल्या, करंगळीएवढ्या.
"बर्फाला टेकू देऊ नका. गोठली की वाया."
चहाचा थर्मास. तळाला बर्फ,
त्यावर जुन्या पोलक्याची घडी,
घडीवर त्या दोघी.

देसूरला बस थांबली, कंडक्टरनं झाकणावर बोट वाजवलं.
"एन ऐतिरी अक्का, चहा?"
नायीगे, म्हटलं. कुत्र्याला.
तो हसला.
"एवढ्यासाठी बेळगाव?"

एवढ्यासाठी.

मागच्या भादव्यात गुंड्या
तीन दिवस पेजेला तोंड लावीना.
मागचे पाय गिरणीच्या पट्ट्यासारखे थरथरायचे.
ओठ वर केला तर हिरड्या पिवळ्या,
लग्नघरातली हळद लागावी तशा.
मुतला ते कोऱ्या चहासारखं.
आम्ही म्हटलं, विष.
कुणी घातलं तेही ठरलेलंच होतं,
बांधावरून बोलणं तुटलेला बाळाप्पा.
त्याच्या दारात उभी राहून
शिव्या दिल्या मराठीत,
पुरेनात म्हणून कन्नडात.

गुंड्या गेल्यावर डॉक्टर कडकोळ
आमची भातगिरणी हिंडून आले.
कोंड्याचा ढीग, ढिगात बिळं,
मागं खड्डा, पन्हाळीचं पाणी साचलेलं.
रोज तिथंच प्यायचा तो.
"उंदराचं मूत, बाई. पाण्यात पडतं,
आणि पाणी काही बोलत नाही."
मग माझ्या पायांकडं बघितलं,
"त्याचं मुतलेलं अनवाणी पुसलंत? भेगा आहेत का टाचेला?"

विष आमच्याच भातावर पोसलेलं.

खड्डा बुजवला. कोंडा वीटभट्टीला दिला.
पोटमाळ्यावरचे तेवढे अजून हटत नाहीत.
मग शिरपी आली, एक कान उभा, एक पडका.
पहिली सुई वैशाखात झाली,
ही दुसरी, मिरग निघायच्या आत,
मग दर वर्षाला एक.
"तरी डबक्याला तोंड लावू देऊ नका," डॉक्टर म्हणाले,
"सुई काही सगळं झाकत नाही."

दुसरी बाटली शिरपीची नव्हती.

बांधावर उभी राहून हाक मारली,
टिप्याला आण, डॉक्टर आलेत.
आणि काही बोलले नाही. बोलायचं होतं.
बाळाप्पा आला. दोरी कुणाच्या हातात दिली नाही,
स्वतःच उकिडवा बसला, टिप्याचं डोकं मांडीत,
कानाशी पुटपुटत, अर्धं ह्या भाषेत, अर्धं त्या.
"किती झाले?"
असू दे.
"असू दे कसं," म्हणाला, आणि गेला.
संध्याकाळी गिरणीत पायलीभर भात येऊन पडलं,
कांडायला नव्हे.

रात्री शिरपीच्या पाण्यावर ताटली झाकते,
वर एक धोंडा.
काल झाकली,
आणि बांधापलीकडं
ताटलीवर धोंडा ठेवल्याचा आवाज आला.